उसनी बाटली

आमच्या बराकीत मीठ उसनं मिळतं, साबण उसना मिळतो आणि लघवीसुद्धा उसनी मिळते. हसू नका. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या फाटकावर प्रत्येकाच्या हातात एक रिकामी बाटली देतात. ती भरून द्यायची. ज्याच्या बाटलीत खोट निघाली त्याला कोयता मिळत नाही. आल्या वाटेनं सरहद्द ओलांडून परत निकाराग्वाला. मग माणसं काय करणार? ज्याची तब्येत ठणठणीत, त्याच्याकडून सगळे आपापल्या बाटल्या भरून घेतात. आमच्या टोळीतला ठणठणीत माणूस म्हणजे माझा धाकटा भाऊ यादेर.

यादेरला सगळे तोरो म्हणतात, म्हणजे सांड. जळक्या उसाच्या फडात तो उतरला की दोन माणसांचा ऊस एकटा आडवा करतो, आणि वर पाचटावर बसून शीळ घालतो. बाटलीच्या बदल्यात कुणी त्याला सिगारेट देतं, कुणी रविवारची बिअर पाजतं. मोन्चो तर म्हणायचा, "तोरो, तुझं मूत दुकानात ठेवलं पाहिजे. चांगला खप होईल." मोन्चोच्या पोरीची मी धर्मआई, म्हणून तो मला कोमाद्रे म्हणतो आणि माझ्यासमोर जीभ सैल सोडतो.

मी चिला; मान देऊन बोलणारे दोन्या चिला म्हणतात. बराकीतल्या माणसांचा स्वयंपाक करते. आमचा भात तांबड्या घेवड्याचा, या देशातल्या तिको लोकांसारखा काळ्या घेवड्याचा नाही, आणि याबाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही.

फाटकावर बाटलीत शोधतात ते दुखणं मूत्रपिंडांचं; त्याला डॉक्टर लांबलचक नाव देतात. आम्ही म्हणतो, अमक्याला क्रिएटिनिन झालं. आधी उन्हाळी लागते, लघवीला आग होते. मग पायात गोळे, मग उलट्या. मग चेहरा सुजतो, आणि मग पाद्रीबाबांना बोलवायचं. माझा नवरा एलिसेओ असाच गेला. शेवटचे दोन हंगाम तो यादेरची बाटली देऊन फाटकातून आत आला होता. दुसऱ्या वेळी तर आत आल्याच्या आनंदात मी केळीच्या पानात मक्याचं पीठ उकडून नाकातामाल केले आणि सगळ्या टोळीला वाढले होते. हंगाम संपेपर्यंत एलिसेओला बूट चढेनात, आणि पुढची पेरणी व्हायच्या आत आम्ही त्याला गावाकडं, चिनान्देगाच्या मातीत ठेवलं. बाटली मात्र तशीच फिरत राहिली. दुसरं काय करणार, हातावर पोट.

या दुखण्याचा शोध घ्यायला माणसं येत नव्हती असं नाही. विद्यापीठाच्या गाड्या दरसाल यायच्या. पण त्या जायच्या रस्त्यापलीकडच्या गावात, जिथं तिको लोकांची पक्की घरं आहेत. दुकानदार, मास्तर, निवृत्त चौकीदार, सगळ्यांना तपासायचे. आमच्या बराकीपाशी गाडी थांबायची ती रस्ता विचारायला. ऊस आम्ही तोडायचा, मरायचं आम्ही आणि तपासायचं मास्तरांना! काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसली गत.

म्हणून डॉक्टर हिमेना जेव्हा बराकीच्या दारात उभी राहिली, तेव्हा मी तिला सरळ म्हटलं, "गाव रस्त्याच्या पलीकडं आहे, बाई."

"माहीत आहे," ती म्हणाली. "तिथं मी दोन वर्षं घालवली. आता तुमच्याकडे आले आहे."

तरुण पोरगी. डोक्यावर गवताची टोपी, नाकाचा शेंडा उन्हानं सोललेला. तिला कॉफी दिली तर तिनं कप धुऊन परत ठेवला. तिथंच मला ती पटली. रविवार होता, सगळे बराकीत होते. आंब्याखाली तिला खोक्यावर बसवलं आणि आमची माणसं भोवती उकिडवी बसली, बाजारात गाय बघायला बसतात तशी.

"आमचं रक्त नेऊन विकणार का?" मोन्चोनं विचारलं. "गाडी घ्यायची असेल नवी."

"गाडी आहे मला. खटारा आहे, पण आहे."

"मग आमच्या तब्येतीचं मुकादमाला सांगणार."

"नाही. मुकादमाला नाही, कारखान्याला नाही. ज्याचं त्याला."

"असं सगळेच म्हणतात."

"सगळे तुमच्याकडे आले कधी?" तिनं विचारलं.

मग तेयोकाका बोलले. टोळीत सगळ्यांत म्हातारे, बोलायच्या आधी टोपी काढणारे. "पोरी, हंगाम संपला की आम्ही आपल्या गावी जाणार. मग आम्हाला कुठं शोधशील?"

"गावी येईन."

"आमच्या गावाला रस्ता नाही."

"मग चालत येईन, काका."

ती म्हणाली, तिचे साहेब या कामाच्या विरुद्ध आहेत. ते म्हणतात, ही माणसं आज इथं तर उद्या तिथं, खरं नाव सांगत नाहीत, पुन्हा हाती लागत नाहीत. यांना अभ्यासात घेतलं तर अभ्यास बिघडतो. "मी त्यांना सांगितलं, यांना घेतलं नाही तर तो अभ्यास कशाचा?"

मला ते बोलणं आवडलं. मी उठून उभी राहिले आणि सगळ्यांना दम भरला, की कोण बाई एवढ्या उन्हात तुमच्यासाठी येते, एलिसेओच्या वेळी अशी कुणी आली असती तर. सुईला कुणी तयार होईना. आमच्या माणसांना कोयत्याची भीती वाटत नाही, सुईची वाटते. शेवटी बाटलीवर तडजोड झाली. सोमवारी पहाटे कामावर जायच्या आधी प्रत्येकानं आपली बाटली भरून डॉक्टरीणबाईच्या थर्माकोलच्या पेटीत ठेवायची. पहाटे माझे दोन्ही हात मक्याच्या पिठात होते, बाहेर काय चाललंय ते मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिथंच लाटणं फेकून मारलं असतं.

पंधरवड्यानं ती परत आली ती थेट माझ्या चुलीपाशी. माणसं फडात गेली होती. तिनं टोपी काढली नाही, कॉफी नको म्हणाली.

"दोन्या चिला, नावं मी सांगणार नाही. पण या बराकीतल्या जवळजवळ सगळ्या बाटल्या वाईट आहेत."

"सगळ्या?"

"आणि सगळ्या एकसारख्या वाईट. इतक्या एकसारख्या, की प्रयोगशाळेतले म्हणतात नमुने वाटेत उन्हानं नासले. साहेब म्हणाले, बघ, मी काय सांगत होतो? काढून टाक या लोकांना." तिनं नाक ओढलं. "येत्या रविवारी शेवटचं एकदा यायची परवानगी मिळाली आहे. तेव्हा नीट मिळालं तर ठीक. नाहीतर गावातले लोक घेऊन काम पुढं जाईल. तुमच्याशिवाय."

माझ्या हातातला डाव घेवड्याच्या पातेल्यात तसाच राहिला. एकसारख्या. एका पातेल्यातून वाढलेला घेवडा प्रत्येकाच्या ताटात एकसारखाच असणार, त्यात नवल काय? मी तोंड उघडणार तेवढ्यात मुकादम एवेर दारात उभा राहिला, कॉफी मागायला. कॉफी निमित्ताला.

"डॉक्टरीणबाई पुन्हा? काही सापडलं का आमच्या पोरांत?"

"तुमच्या विहिरीचं पाणी चांगलं आहे," हिमेना म्हणाली आणि निघून गेली. एवेर कप घेऊन किती तरी वेळ तिच्या गाडीच्या धुळीकडं बघत राहिला.

त्या दुपारी माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. भात करपला. दारात जा, परत ये, पुन्हा दारात जा. कधी नव्हे ते मला वाटत होतं की ट्रॅक्टर उशिरा यावा, आणि त्याच वेळी वाटत होतं की लवकर का येत नाही. तो आला. माणसं काजळीनं काळी ठिक्कर होऊन उतरली. मी मोन्चोचा कान धरला आणि त्याला पाण्याच्या टाकीमागं नेलं.

"खरं सांग. बाटल्या कुणी भरल्या?"

"कोणत्या बाटल्या, कोमाद्रे? कान सोड, एकच चांगला राहिलाय."

"डॉक्टरीणबाईच्या."

"तोरोनं. नेहमीसारख्या. पहाटेच्या अंधारात एका डब्यात केली न्‌ सगळ्यांना वाटली."

"अरे गाढवा, ती फाटकावरची बाटली नव्हती! ती तुझं काय बिघडलंय ते बघणार होती!"

मोन्चो खरोखरच गोंधळला. "बाटली ती बाटली, कोमाद्रे. कुणी रिकामी बाटली पुढं केली की आपले पाय तोरोकडंच वळतात."

तोपर्यंत बाकीचे जमले होते. तेयोकाकांनी टोपी काढली. "काय झालं गं, चिला?"

मी सांगितलं. सगळ्या बाटल्या वाईट निघाल्या, आणि सगळ्या एकाच माणसाच्या होत्या.

तेव्हा जे झालं ते मी विसरणार नाही. पहिल्यांदा प्रत्येकाचा जीव भांड्यात पडला. मोन्चोनं छातीवर क्रूस काढला आणि हसला. कुणीतरी म्हणालं, "म्हणजे आपल्याला काही नाही!" एकानं दुसऱ्याच्या पाठीत थाप मारली. आणि मग, हळूहळू, एकेकाचं हसू मावळलं आणि सगळ्यांनी एकाच बाजूला पाहिलं. यादेर न्हाणीतून बाहेर येत होता. केसांतून पाणी गळत होतं, खांदा दाराएवढा.

"काय झालं?" तो म्हणाला. "कुणी मेलं का?"

मग मीच बोलले, आणखी कोण बोलणार.

त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि टॉवेल खांद्यावर टाकला. "मला? हंगामाच्या सुरुवातीला फाटकावर माझीच बाटली चालली ना सगळ्यांना? आणि काल सगळ्यांत जास्त ऊस कुणी तोडला, विचार मुकादमाला."

"आणि मोळीमागं उलटी कुणी केली?" हे तेयोकाका म्हणाले, अगदी हळू.

"ऊन होतं, काका."

"आणि नारळपाणी ढोसतोस ते? संपायचं नाव नाही," मी म्हटलं.

"उन्हाळी लागलीये. कुणाला लागत नाही?"

"एलिसेओपण हेच म्हणायचा."

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, की त्यापेक्षा त्यानं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. "एलिसेओ मरतुकडा होता, चिला. मी तोरो आहे." मग मला बाजूला ओढून म्हणाला, "एवेरनं मला शब्द दिलाय. पुढच्या हंगामाला टोळीचा म्होरक्या मी. त्या बाईला एक अक्षर बोललीस तर तू माझी बहीण नाहीस." तो जेवला नाही. बराकीत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडला. माणसांनी ताटं घेतली, पण त्या दिवशी कुणी तिखट मागितलं नाही, कुणी मला शिव्या घातल्या नाहीत. करपलेला भात मुकाट खाल्ला.

तो आठवडा कसा गेला ते देवाला ठाऊक. दुपारचं जेवण फडावर पोचवायला मी स्वतः जाऊ लागले, खरं म्हणजे ते काम ट्रॅक्टरवाल्याचं. फडाच्या कडेला उभी राहून मी यादेरलाच बघत बसायची. कोयता तसाच चालत होता, झपझप. पण मला आता ते दिसत होतं, जे आधी दिसत नव्हतं. मध्येच तो थांबायचा आणि पोटरी दाबायचा. कुणी बघतंय का ते बघायचा आणि मग दुप्पट जोरात सुरू व्हायचा. शीळ मात्र बंद झाली होती. आणि गंमत बघा, बाकीच्यांची अवस्था याहून वाईट. पहिल्या दिवसाचा आनंद ओसरल्यावर प्रत्येकाच्या डोक्यात किडा शिरला. आपण तोरोची बाटली का घेत होतो? आपली बरी नाही असं वाटलं म्हणूनच ना? रोज संध्याकाळी कुणी ना कुणी माझ्या चुलीपाशी येऊन उगाच रेंगाळायचं आणि विचारायचं, "दोन्या चिला, लघवीला फेस येणं वाईट असतं का हो?" मी काय डॉक्टर आहे?

एवेर रोज कॉफीला येऊ लागला. "तोरो गप्प गप्प आहे," एकदा म्हणाला. "प्रेमात पडला की आजारी पडला?"

"तुझ्या कॉफीत साखर हवी का?" मी म्हटलं.

"आजारी माणूस मला चालत नाही, दोन्या चिला. माझाही कुणीतरी मुकादम आहे."

शुक्रवारी मी दुकानापर्यंत चालत गेले, कारण बराकीतून बोलले असते तर भिंतींनी ऐकलं असतं. ती मेली दुकानदारीण टेलिव्हिजन बघत होती. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून हिमेनाला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. फक्त नाव सांगितलं नाही.

पलीकडून पहिल्यांदा हसण्याचा आवाज आला. खरंच. मग ते हसणं मध्येच तुटलं.

"म्हणजे मी एकाच माणसाला पुन्हा पुन्हा तपासलं," ती म्हणाली. "आणि बाकीच्यांबद्दल मला काहीच माहीत नाही."

"तुमच्यावर विश्वास नाही असं नाही, बाई. मी शब्द दिला होता. पण आमच्या माणसांना बाटली म्हणजे फाटक. इतक्या वर्षांची सवय."

"मी विचारायला हवं होतं. फाटकावर काय होतं ते मी तुम्हाला कधी विचारलंच नाही." मग म्हणाली, "दोन्या चिला, त्या माणसाचं नाव सांगू नका. त्यानं स्वतः यायला हवं."

"तो येणार नाही."

"मग मी थांबेन."

माझं डोकं फिरलं. "थांबून माणसं जगतात होय? माझा नवरा थांबण्यातच गेला! आला समजा, तर काय देणार तुम्ही त्याला? नवी मूत्रपिंडं देणार? कोयता गेला तर त्याचं पोट तुम्ही भरणार?"

एखादीनं फोन ठेवला असता. ती म्हणाली, "नाही. खोटं बोलणार नाही मी. अजून लवकर असेल तर उन्हातलं काम थांबवून तो पुष्कळ जगू शकतो. दवाखान्यात आत घ्यायला तुमच्या लोकांना टाळाटाळ करतात, तिथं मी भांडेन. त्याच्या कागदावर खरं रक्त आणि खरी लघवी असेल तर मी भांडू शकते. जो आमच्या अभ्यासात नाहीच, त्याच्यासाठी मी कुणाशी भांडू? आणि कशाच्या जोरावर?"

परत येताना माझ्या पायांना चालणं जमेना, पळणंही जमेना. एकीकडं भाऊ, दुसरीकडं भावाचा जीव. असं वाटत होतं की दोन्हींतलं एकच हाती लागणार.

रविवारी हिमेना आली. या वेळी तिनं टेबल आंब्याखाली मांडलं, त्याच्यावर पांढरं कापड घातलं आणि सगळ्यांसमोर उभी राहिली. "मला कळलं," ती म्हणाली. "मी रागावले नाही. तुमच्या जागी मीही तेच केलं असतं. पण हे फाटक नाही. इथं वाईट बाटलीला बाहेर काढत नाहीत, वाईट बाटलीसाठीच मी आले आहे. आज बाटली आणि सुई, दोन्ही. ज्याला नको असेल त्यानं देऊ नये, पण दुसऱ्याची देऊ नये."

एवेर कुंपणाच्या पलीकडं मोटरसायकलवर बसला होता, सिगारेट ओढत, रविवार असून.

मग तेयोकाका उठले. टोपी काढून खिळ्याला लावली, बाटली घेतली आणि केळीच्या झाडांमागं गेले. म्हाताऱ्या माणसाला वेळ लागतो. कुणी हसलं नाही. परत येऊन त्यांनी बाटली टेबलावर ठेवली आणि बाही वर सारली. सुई टोचताना त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि देवमातेला हाक मारली, ती कुंपणापर्यंत ऐकू गेली. मग मोन्चो उठला. मग एकेक करून सगळे. कुंपणाकडं पाठ करून गेले, ते मी पाहिलं.

राहिला यादेर. तो पायरीवर बसला होता, हातात रिकामी बाटली. उठला, केळींकडं गेला. तो तसाच परत आला. बाटली रिकामी. तो तेयोकाकांपाशी गेला आणि त्यांच्या कानाशी वाकला, पण त्याला हळू बोलता येत नाही, लहानपणापासून नाही.

"काका, तुमची थोडी द्या ना."

माझ्या भावाला कुणाकडं काही मागताना मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं.

तेयोकाकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "लेकरा, माझी बरी असती तर तुझी कशाला मागितली असती?"

तो मोन्चोकडं वळला. मोन्चोची भरलेली बाटली अजून हातात होती, सुईला भिऊन तो रांगेत मागं मागं सरकत शेवटी उरला होता. मोन्चोनं ती छातीशी धरली आणि जमिनीकडं पाहिलं. "आज नाही, तोरो. माग काहीही. कोयता माग, बूट माग. हे नाही." आणि मोन्चो, ज्याला मी लहान पोरांच्या मयतीतसुद्धा चेष्टा करताना पाहिलंय, तो रडायला लागला.

मग यादेर माझ्याकडं आला. चुलीपाशी, जिथं दुसऱ्या कुणाला ऐकू येणार नव्हतं. त्यानं बाटली माझ्यापुढं धरली.

"चिला, तू दे. तुला काही झालेलं नाही. कुणाला कळणार नाही."

आई गेली तेव्हा हा माझ्या कमरेएवढा होता. माझ्या ताटातलं त्याच्या ताटात घालायची मला इतकी सवय, की माझा हात खरोखरच पुढं झाला. बाटली मी धरलीसुद्धा. रिकामी बाटली, पिसासारखी हलकी. आणि मला नाकातामालचा वास आला, त्या दिवसाचा, एलिसेओ फाटकातून आत आला त्या दिवसाचा. कसे हसत होतो आम्ही सगळे.

"तुझ्या बाटलीवर माझा नवरा आत आला," मी म्हटलं. "आणि आत येऊन मेला. तुझा दोष नाही, यादेर. मीच पानं उकडली आणि वाढली. पण आता मी तुला आत जाऊ देणार नाही." मी बाटली त्याच्या हातात परत दिली आणि त्याची बोटं तिच्यावर मिटवली. "भीती वाटते तर भी. मलाही वाटते. पण स्वतःची दे."

त्यानं मला शिवी दिली. ती मी इथं सांगत नाही. मग तो केळींमागं गेला.

खूप वेळ गेला. आंब्याखाली सगळे होते तसे बसले होते, कापसाचे बोळे दंडावर दाबून. हिमेना टेबलावरचं कापड उगाच सरळ करत होती. कुंपणापलीकडं एवेरनं मोटरसायकल सुरू केली, बंद केली, पुन्हा सुरू केली. कुणी तिकडं पाहिलं नाही. मी घेवड्यात मीठ घातलं, आणि घातलं की नाही ते विसरून पुन्हा घातलं.

तो आला. बाटली त्यानं लपवली नव्हती, पुढं धरली होती. आतलं पाणी गडद होतं, जुन्या कॉफीसारखं, आणि वर फेस. सगळ्यांनी पाहिलं. आमच्या टोळीत कुणाला ते समजावून सांगावं लागत नाही. एलिसेओची शेवटी अशीच होती. मी चुलीच्या ओट्याला धरलं.

यादेर टेबलापाशी गेला. एवढा मोठा माणूस त्या छोट्या खोक्यावर बसला आणि बाही वर सारली. डोळे मिटले नाहीत. सरळ समोर कुंपणाकडं बघत राहिला, एवेर बघतोय तर बघू दे म्हणून.

"नाव?" हिमेनानं विचारलं.

"यादेर अंतोनियो ओबान्दो रुगामा," तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं, हळू त्याला बोलताच येत नाही. मग त्यानं बाटली कापडावर ठेवली आणि तिच्याकडं सरकवली. "आणि लिहा, डॉक्टरीणबाई. ही उसनी नाही. ही माझी आहे."